वीणा खाली ठेवत नाहीत

आजी आत यायची नाही.

आषाढीला आम्ही घरची सगळी पंढरपूरला जायचो. आमचं गाव सांगोल्याच्या बाजूचं, म्हणजे पायी गेलं तर दीड दिवसाची चाल. मला आठवतं तेव्हा लाल एस.टी. आली होती, पण आजीचा हट्ट पायीच जायचा. निघण्याच्या आदल्या रात्री चुलीपुढे ज्वारीच्या भाकरी करून त्या विस्तवाच्या धगीला उभ्या करून ठेवायच्या. सकाळी त्या पापडासारख्या कडक झालेल्या असत. फडक्यात बांधलेल्या त्या कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि फोडलेला कांदा. वाटेत एखाद्या बांधावर बसून खाल्लेल्या त्या भाकरीची चव मला पुढे कुठल्याच घरात, कुठल्याच हॉटेलात सापडली नाही. एकादशीच्या दिवशी मात्र भगर, दाण्याची आमटी आणि उकडलेलं रताळं.

चंद्रभागेत बुडी मारायची, पुंडलिकाचं दर्शन घ्यायचं, मग बारीत उभं राहायचं. आबा, अण्णा, आई, आत्या, आम्ही पोरं. बारी कधी सहा तास चालायची, कधी दहा. महाद्वारापाशी आलो की आजी नामदेव पायरीला डोकं टेकवायची आणि बाजूला व्हायची. पायरीच्या समोरच चोखोबांची समाधी आहे. आजी तांब्यात चंद्रभागेचं पाणी आणायची, समाधीवर शिंपडायची, पदराच्या टोकानं दगड पुसायची, बुक्का लावायची, तुळशीची दोन पानं वाहायची. मग कनवटीचा गूळ-शेंगदाण्याचा एक लाडू काढून त्याचे दोन भाग करायची. अर्धा समाधीपाशी ठेवायची आणि अर्धा पदराच्या गाठीत बांधायची. आम्ही आतून दर्शन घेऊन येईपर्यंत ती तिथंच गर्दीच्या कडेला भिंतीला टेकून बसलेली असायची.

"आजी, तू का नाही येत आत?" मी विचारलं होतं. तेव्हा मी नऊ-दहा वर्षांची असेन, म्हणजे १९७१ साल धरा.

"माझं दर्शन झालं की," ती म्हणाली आणि माझ्या हातावर रताळ्याचा तुकडा ठेवला.

लहानपणी एवढ्या उत्तरानं भागतं. आजीचे गुडघे दुखत असतील, गर्दी सोसत नसेल, असं मी धरून चालले.

पुढे सोलापूरला कॉलेजात गेले तेव्हा तिथल्या ग्रंथालयात साने गुरुजींच्या उपोषणाबद्दल वाचनात आलं. त्यातच ती घागरीची कथा होती. विठ्ठलाचं देऊळ अस्पृश्यांना खुलं होणार म्हटल्यावर सनातनी मंडळींनी मूर्तीतलं तेज काढून पाण्याच्या घागरीत ठेवलं, अशी कथा पंढरपुरात आजही सांगतात. देवळात उरला तो नुसता दगड, असं म्हणून काही कर्मठ माणसांनी १९४७ नंतर गाभाऱ्यात पाऊल टाकणं सोडलं. ती बाहेरूनच कळसाला हात जोडून परत फिरत.

मी पुस्तक मिटलं. हातपाय गार पडले होते. माझी आजी, जिच्या कुशीत मी सगळं ऐकलं, जी रस्त्यावरच्या कुत्र्यालाही भाकरीचा शेवटचा घास द्यायची, तीही त्यांतलीच होती की काय? १९४७ नंतर आत न जाणारी?

दिवाळीला घरी गेले. दोन दिवस धीर झाला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी आजी ओसरीवर शेंगा फोडत बसली होती, तिच्यासमोर बसून मीही शेंगा फोडायला लागले आणि विचारलं. घागरीचं सांगितलं, कर्मठांचं सांगितलं, आणि म्हटलं, "तूही म्हणूनच जात नाहीस?"

आजीनं हातातली शेंग तशीच ठेवली. मग ती जे बोलली ते संध्याकाळचा दिवा लागेपर्यंत बोलत होती. मधे उठून चहा केला, गाईला पाणी दाखवलं, पुन्हा येऊन बसली. त्यानंतर आत्याकडून, थोरल्या चुलत्यांकडून मी तीच गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हेनं ऐकली. साल, महिना, कोण आधी आलं नि कोण नंतर, यात त्यांच्यात मेळ नाही. पण गोष्टीचा गाभा तिघांचाही एकच.

आमचे आबा, म्हणजे आजोबा, विणेकरी होते. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का आणि आवाज खर्जातला. शेती बारा-चौदा एकर, तीही पावसाच्या भरवशावरची. फार शिकलेले नव्हते, पण ज्ञानेश्वरीचं पारायण त्यांनी कितीदा केलं असेल त्याला गणती नाही. १९४६ सालच्या कार्तिकीच्या सुमारास गावात बातमी आली की खानदेशातले कुणी मास्तर पांडुरंगाचं देऊळ हरिजनांना उघडावं म्हणून उपास करणार आहेत. हे मास्तर म्हणजे साने गुरुजी. मूळचे कोकणातल्या पालगडचे, पण अमळनेरच्या शाळेत शिकवलेलं, म्हणून आमच्याकडे खानदेशातले. मग कळलं की थोरामोठ्यांच्या सांगण्यावरून त्यांनी उपास लांबवला आहे आणि आधी लोकांची मनं तयार करायला ते महाराष्ट्रभर फिरणार आहेत. फिरले. काही महिने गावोगाव फिरले, सेनापती बापट आणि सेवादलाची तरुण मुलं बरोबर. जातील तिथे पाणवठे आणि देवळं उघडी करा म्हणून विनवायचे. पुष्कळ गावांनी ऐकलं. आमच्या गावानं ऐकलं नाही.

१ मे १९४७ ला गुरुजी पंढरपुरात उपासाला बसले. जागा द्यायला कुणी सहजी तयार नव्हतं. तनपुरे महाराजांनी आपला मठ दिला. मला यात मोठी गोष्ट वाटते ती हीच. तनपुरे महाराज वारकरी परंपरेतले, त्यांचा सगळा व्यवहार पंढरपुरातल्या माणसांशी, आणि गावातली वजनदार माणसं विरोधात. अशा वेळी त्यांनी व्याख्यान दिलं नाही, फक्त दार उघडून दिलं.

आबा तिथे गेले होते. मे महिन्याचं ऊन, चंद्रभागेचं वाळवंट भाजून निघालेलं. एक मुक्काम करून परत आले. गुरुजी त्यांना लांबूनच दिसले होते, पांढऱ्या चादरीखाली एक बारकी आकृती, एवढंच ते सांगत. तिकडे गांधीजींनीही उपास सोडा म्हणून तार केली होती, त्यांच्यापर्यंत खरी हकिगत नीट पोचली नव्हती. मग दादासाहेब मावळंकर मधे पडले, बोलणी झाली, देवळाच्या वंशपरंपरागत पुजाऱ्यांनी, बडव्यांनी, देऊळ उघडायला मान्यता दिली आणि १० मेला दहाव्या दिवशी उपास सुटला. मुंबई सरकारचा मंदिरप्रवेशाचा कायदाही त्याच साली झाला.

आजीला मात्र यातलं काही आठवत नव्हतं. तिला आठवत होता आमरस. आबा पंढरपुराहून आले त्या दिवशी तिनं पहिल्या आंब्यांचा रस काढला होता. आबांनी वाटीकडे पाहिलं आणि वाटी सरकवून ठेवली. म्हणाले, "आपण जल्मभर एकादशी धरली ती आपल्यासाठी. त्या मानसानं लोकांसाठी धरली." त्यानंतर बरेच दिवस ते गप्प होते.

आता इथे गडणीबद्दल सांगायला हवं. गडणी म्हणजे मैत्रीण. आजी तिचं नाव घ्यायची नाही, नुसतं गडणी म्हणायची, म्हणून मीही तसंच म्हणते. ती महारवाड्यातली. दोघी एकाच साली लग्न होऊन गावात आलेल्या, दोघी तेरा-चौदा वर्षांच्या. शेतात खुरपताना एकमेकींच्या पातीला पात लावायच्या आणि ओव्या म्हणायच्या. गडणीचा गळा फार गोड होता म्हणे. पण न्याहारीला बसायची वेळ आली की आजी बांधाच्या अलीकडे आणि गडणी पलीकडे. तहान लागली तर आजी कळशीतून वरून पाणी ओतायची आणि गडणी ओंजळीनं प्यायची. "म्या वतत हुते. ती पीत हुती. मला कवा त्यात वंगाळ वाटलं न्हाई," आजी म्हणाली. हे सांगताना तिचा आवाज बदलला होता.

गडणीचा नवरा माळकरी. आबा त्यांना बुवा म्हणायचे. वारीला ही नवरा-बायको जायची, पण वेगळी. पालख्यांच्या वाटेवर त्यांच्या दिंड्या वेगळ्या चालत, जेवणं वेगळी होत. इरावतीबाई कर्वे यांचा 'परिपूर्ती'मधला वारीवरचा लेख वाचलेल्यांना ठाऊक आहे की एका दिंडीतही जातीजातीच्या चुली कशा निराळ्या पेटत. पंढरपुरात बुवा-गडणीचा मुक्काम चोखामेळा धर्मशाळेत. गाडगेबाबांनी लोकांकडून पै पै जमवून ती बांधली होती, कारण या माणसांना उतरायला पंढरपुरात दुसरी जागाच नव्हती. आणि दर्शन कुठवर? चोखोबांच्या समाधीपर्यंत.

चोखोबा मंगळवेढ्याचे, पंढरपूरपासून पंचवीसेक किलोमीटरवरचे. १३३८ मध्ये वेशीचं बांधकाम अंगावर कोसळून गेले. नामदेव तिथे गेले आणि ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू येत होतं ती चोखोबांची म्हणून ओळखून त्यांनी पंढरीला आणली, महाद्वारासमोर समाधी बांधली. जिवंतपणी आत जाता आलं नाही, मेल्यावरही दारापाशीच. त्यानंतर सहाशे वर्षं त्यांची माणसं त्याच दगडाशी येऊन थांबत होती.

तर आमच्या गावचा सप्ताह. आजीच्या मते गुरुजींचा उपास सुटला त्याच श्रावणात, आत्याच्या मते त्याच्या पुढच्या साली, कारण तिला गांधीजी गेल्याचं त्याआधीचं आठवतं. मारुतीच्या देवळापुढच्या मंडपात विठ्ठल-रखुमाईची मूर्ती, पुढे ज्ञानेश्वरी. पहाटे काकडा, दिवसा पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि मग उजाडेपर्यंत जागर. या सात दिवस, सात रात्री मूर्तीसमोर वीणा उभी असते. ज्याच्या गळ्यात वीणा त्यानं बसायचं नाही. वीणा जमिनीला टेकवायची नाही. त्याचा पहारा संपला की पुढचा विणेकरी येतो. तो आधी विणेकऱ्याच्या पाया पडतो, मग याच्या गळ्यातली वीणा त्याच्या गळ्यात जाते, आणि वीणा देणाराही घेणाऱ्याच्या पाया पडतो. वीणा ज्याच्या गळ्यात आहे त्याच्या ठिकाणी त्या वेळी देव, अशी समजूत. ज्यांनी सप्ताह पाहिला नसेल त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, कारण आमच्या घरची सगळी गोष्ट या रीतीवर उभी आहे.

महारवाड्यातली माळकरी मंडळी मंडपाबाहेर दीपमाळेपाशी उभी राहायची. कीर्तन तिथूनच ऐकायची, टाळ तिथूनच वाजवायची. बुवा तर सातही रात्री तिथे. त्यांना झोप यायची नाही.

चौथी किंवा पाचवी रात्र. तिसरा प्रहर. मंडपात चार-दोन म्हातारी माणसं डुलक्या घेत होती. वीणा आबांच्या गळ्यात. त्यांचा पहारा संपला होता आणि ज्याची पाळी होती त्याला उठवायला हवं होतं. आबांनी उठवलं नाही. वीणा गळ्यात घेऊन, तोंडानं नाम घेत ते मंडपाच्या पायऱ्या उतरले, दीपमाळेपाशी गेले आणि बुवांच्या पाया पडले.

बुवा मागे सरले. म्हणाले, "आबा, न्हाई. हे करू नगा."

आबांनी वीणा त्यांच्या गळ्यात घातली.

आता बुवांना रीत मोडता येईना. वीणा खाली ठेवता येत नाही. गळ्यातून काढून कुणाच्या हाती द्यावी तर घेणारा समोर नाही, आबांनी हात मागे बांधलेले. आणि वीणेची जागा दीपमाळेपाशी नव्हे, देवापुढं. वीणा जिथे उभी राहायची तिथेच विणेकऱ्यानं उभं राहायचं. बुवा पायऱ्या चढले. आजी सांगायची की चढताना ते रडत होते. तिनं स्वतः पाहिलं नव्हतं, आबांनी तिला सांगितलेलं.

काकड्याला माणसं आली तेव्हा विठ्ठल-रखुमाईसमोर बुवा उभे होते. डोळे मिटलेले, बोट तारेवर, मुखी नाम.

गलका झाला. कुणी म्हणालं बाहेर काढा, कुणी म्हणालं मंडप बाटला, गोमूत्र आणा. पण वीणा अखंड उभी होती. ती हिसकावून घेतली तर सप्ताह मोडतो. खाली ठेवली तरी मोडतो. तिला हात लावायचा एकच मार्ग, बुवांच्या पाया पडून ती मागून घ्यायची. आणि ते करायला कुणी तयार नव्हतं.

काकडा झाला. पारायण सुरू झालं. ऊन वर आलं. बुवा उभेच. दोन तासांचा पहारा, त्यांचे सहा झाले, सात झाले. पायांवर सूज आली. पाण्याचा तांब्या पुढे करायला कुणी धजेना. गडणी दीपमाळेला धरून उभी होती आणि आजी बायकांच्या घोळक्यात. दोघी एकमेकींकडे बघत होत्या.

शेवटी पुढे आले ते कुंभाराचे म्हातारे आजोबा. आत्या म्हणते लोहाराचे. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून आले. "ईना कुनाकडं हाय?" म्हणून विचारलं. नातवानं सांगितलं. म्हातारे वाकले, चाचपडत बुवांचे पाय शोधले, त्यांवर डोकं ठेवलं आणि म्हणाले, "द्या बुवा. थकला आसाल." बुवांनी वीणा दिली, स्वतः वाकले आणि तिथेच खाली बसले. मग आजी उठली. बायकांच्या घोळक्यातून बाहेर आली, तांब्या भरला आणि बुवांच्या हातात दिला. वरून ओतलं नाही. हातात दिला.

सप्ताह मोडला नाही. आठव्या दिवशी काला झाला.

मी ही गोष्ट ऐकली तेव्हा आबा जाऊन दोन वर्षं झाली होती. माझा ऊर भरून आला. मी म्हटलं, "आबा केवढे धीराचे!" आजी पटकन म्हणाली, "धाडस त्येंचं, पाय बुवाचे."

तिचं म्हणणं असं की दुपारपर्यंत वाट का पाहिली? आबांनी स्वतःच पुन्हा पाया पडून वीणा घेतली असती तर बुवांचे पाय सुजले नसते. आबा म्हणायचे, मी घेतली असती तर ती दोन मित्रांची गोष्ट झाली असती, गावाची झाली नसती. यावर दोघांचं जन्मभर एकमत झालं नाही. दोघंही बरोबर होते असं मला आता वाटतं, पण मन आजीच्या बाजूनं झुकतं.

कारण पुढचं सगळं ज्याच्या त्याच्या जागेप्रमाणं झालं. आमच्या घराला गावानं काही महिने वाळीत टाकल्यासारखं केलं. त्या साली आजीकडे हळदीकुंकवाला कुणी आलं नाही, तर ती स्वतःच तिळगूळ घेऊन दारोदार गेली. ज्यांनी दार उघडलं त्यांना दिला, ज्यांनी उघडलं नाही त्यांच्या उंबऱ्यावर ठेवून आली. वर्षभरात सगळं पूर्वीसारखं झालं. आबांकडे वीणाही परत आली. पण बुवांचं बलुतं बंद झालं. खळ्यावर गेले तर धान्य नाही, कामाला कुणी बोलवेना. घरात चार लेकरं. आबा पायली-दोन पायली ज्वारी पोचवत, पण दुसऱ्याच्या ज्वारीवर माणूस किती दिवस मान वर ठेवून जगेल? बुवा बायकापोरांना घेऊन सोलापूरला गिरणीत गेले.

जायच्या आधी आजी गडणीला म्हणाली होती, "आता दिऊळ उघडलंय. आवंदा वारीला दोगी संगं आत जाऊ."

गडणी म्हणाली, "ज्या देवापुढं माझा मालक तानलेला हुबा ऱ्हायला, त्येच्या दारात आता बलावलं म्हनून मी येऊ? मी चोखोबाशी येईन. तितवरच."

"मग मीबी तितवरच," आजी म्हणाली.

एवढंच. शपथ नाही, नवस नाही. आबांनाही तिनं हे कधी समजावून सांगितलं नाही. दर वारीला दोघी चोखोबांच्या समाधीपाशी भेटायच्या, एक सोलापूरहून येऊन, एक गावाहून. दगड पुसायच्या, बुक्का लावायच्या, एक लाडू दोघींत खायच्या आणि परत जायच्या. ज्या दारातून आजी लग्न झाल्यापासून दर वर्षी आत जायची, त्या दाराकडे पाठ करून.

बाबासाहेब आंबेडकरांनी २ मार्च १९३० ला नाशिकच्या काळारामापुढे सत्याग्रह सुरू केला होता. तिथं वर्षानुवर्षं माणसांनी मार खाल्ला, तरी दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला ते म्हणाले की हिंदू म्हणून मी मरणार नाही. गडणीनं हे सगळं वाचलं नव्हतं, तिला वाचता येत नव्हतं. पण ती आपल्या पायांनी चालत त्याच ठिकाणी पोचली होती. दार फार उशिरा उघडलं तर आत जायची इच्छाही उरत नाही. गुरुजींच्या उपासाला मी मनापासून हात जोडते. तो माणूस थोर होता आणि त्यांच्या दहा दिवसांनी सहाशे वर्षांची कडी काढली. तरी दाराबाहेर जी पिढ्यान्‌पिढ्या उभी राहिली त्यांचा उपास त्याहून लांबचा होता, हेही सांगितलंच पाहिजे.

बाबासाहेबांच्या मनात चोखोबांची जागा होती. १९४८ साली आलेलं अस्पृश्यांच्या मूळ इतिहासावरचं पुस्तक त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केलं आहे. आणि गाडगेबाबांनी १९४९ मध्ये पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. परीट समाजात जन्मलेला, हाती खराटा घेतलेला एक कीर्तनकार आणि देवधर्माची चिकित्सा करणारा एक पंडित, या दोघांचा एकमेकांवर किती विश्वास असेल! दोघं गेलेही १९५६च्या डिसेंबरात, चौदा दिवसांच्या अंतरानं.

त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा झाली. सोलापुरात बुवांनी गळ्यातली माळ काढली. गडणीनं देव्हारा उचलला. त्यानंतर ती पंढरपूरला आली नाही.

आजी जात राहिली. समाधीपाशी एकटीच बसायची, लाडवाचे दोन भाग करायची आणि एक पदराच्या गाठीला बांधून आणायची. गावातलं कुणी सोलापूरला निघालं की त्याच्या हाती पुडी द्यायची. माझ्या लहानपणी मी ज्या गाठीकडे पाहत बसायचे ती ही गाठ. ही पुडी घेऊन मीसुद्धा दोनदा गेले आहे, कॉलेजात असताना, तिचा अर्थ न कळता. गिरणगावातल्या चाळीत एक पांढरे केस झालेली बाई दार उघडायची, पुडी घ्यायची आणि मला विचारायची, "गुडघं कसं हाईत तिचं?"

ती आता देवाचा प्रसाद खात नव्हती, हे मला पुढे कळलं. मी आजीला विचारलं, मग तू देतेस का आणि ती घेते का? आजी म्हणाली, "त्यो देवाचा न्हाई. माझा हाय."

मागच्या वर्षी सोलापूरला गेले होते तेव्हा बुवांच्या नातवाकडे गेले. तो शाळेत मास्तर होता, आता निवृत्त झालाय. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान, मला ताई म्हणतो. घरात भगवान बुद्धांची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर. त्याच्या बायकोनं कडक भाकरी आणि शेंगाची चटणी वाढली, मी पोटभर जेवले. जेवण झाल्यावर त्यानं कपाटातून एक फडक्याचं गाठोडं काढलं. आत पितळी टाळांची जोडी होती, कडा झिजलेल्या, मधली दोरी नवी. बुवांनी माळ काढली पण टाळ टाकले नव्हते. दीपमाळेपाशी वाजवायचे ते हेच. आता दर १४ एप्रिलला भीमगीतांना ते वाजतात. मी हातात घेतले. जड होते. त्यानं माझ्याकडून घेऊन एकदा वाजवून दाखवले आणि खोलीभर तो नाद किती तरी वेळ राहिला.

त्याला वीणेची गोष्ट ठाऊक होती. त्यांच्या घरी ती अशी सांगतात की म्हाताऱ्या कुंभारानं पाया पडल्यावर बुवा खाली बसले आणि तेव्हा एक बाई तांब्या घेऊन आली. त्या बाईचे हात थरथरत होते आणि पाणी बुवांच्या धोतरावर सांडलं. आमच्या घरच्या गोष्टीत हे सांडलेलं पाणी नाही. आजीनं ते कधी सांगितलं नव्हतं.

पंढरपूरच्या मंदिराचे बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली संपवले आणि त्यानंतर तिथे सर्व जातींतल्या पुजाऱ्यांसाठी आणि बायकांसाठीही वाट मोकळी झाली. हे पाहायला गुरुजी नव्हते, ते ११ जून १९५० लाच गेले. आबा नव्हते, बुवा नव्हते.

गडणी १९८२ मध्ये गेली. आजी १९८४च्या कार्तिकात. विठोबाच्या पायांवर तिनं शेवटचं डोकं ठेवलं होतं ते त्या सप्ताहाच्या आधीच्या वारीला.